सिक्वेलचा खर्च, गल्ला आणि हातात पडणारी पट्टी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं आडत दुकान आहे. पण कॉलेजच्या वयात मी जिल्ह्यातल्या एका सिंगल स्क्रीन थिएटरात संध्याकाळी डीसीआर भरायला बसायचो. डीसीआर म्हणजे रोजच्या गल्ल्याचा तक्ता: किती तिकिटं फाडली, कर किती, डिस्ट्रिब्युटरचं किती. त्यामुळे मोठा सिक्वेल लागला की हळदीचा सौदा बाजूला राहतो आणि लोक मलाच विचारत बसतात. प्रश्न दर वेळी तेच, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

‘बाहुबली २’ने १८०० कोटी कमावले. मग निर्मात्याला १८०० कोटी मिळाले का?

नाही. शेतकऱ्याला विचारा, तो लगेच सांगेल. कारखान्याने जाहीर केलेला उसाचा दर आणि खात्यावर जमा झालेली रक्कम यांत तोडणी-वाहतूक बसलेली असते. आमच्या यार्डातही तेच. सौद्यात भाव निघतो तो कानाला गोड लागतो. मग पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, हातात येते. हमाली, तोलाई, वाहतूक आणि लागणीच्या वेळी घेतलेली उचल त्यात वजा असते. शेतकरी भाव विसरतो, पट्टीचा शेवटचा आकडा विसरत नाही.

पोस्टरवरचे १८०० कोटी हा सौद्यातला भाव आहे. जगभरातल्या प्रेक्षकांनी तिकीट खिडकीवर दिलेली ती एकूण रक्कम. सरकारचा कर, थिएटरचा वाटा, डिस्ट्रिब्युटरचं कमिशन, सगळं त्यातच. २८ एप्रिल २०१७ला आलेल्या या सिनेमाच्या फक्त हिंदी आवृत्तीचा भारतातला नेट, म्हणजे कर वजा जाता, गल्ला ५११ कोटींच्या आसपास होता, आणि तेवढ्यावर त्याने ‘दंगल’चा ३८७ कोटींचा विक्रम मोडला. आता ५११ आणि १८०० यांतला कुठला आकडा खरा? दोन्ही खरे. एक पट्टीच्या मधल्या ओळीतला आहे, दुसरा सगळ्यात वरच्या. शेवटची ओळ पोस्टरवर कधीच येत नाही.

ग्रॉस, नेट, शेअर. एकदा उदाहरण देऊन सांगा.

११८ रुपयांचं तिकीट घेऊ.

११८ हा ग्रॉस. १०० रुपयांच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी असतो, म्हणजे १८ रुपये सरकारचे. उरले १०० रुपये, तो नेट. हिंदी सिनेमाच्या बातम्यांत ‘शंभर कोटी क्लब’ म्हणतात तो बहुतेक नेटचा असतो. दक्षिणेकडचे निर्माते मात्र पोस्टरवर ग्रॉसच छापतात. दोन सिनेमांची तुलना करून चहाच्या टपरीवर जी भांडणं होतात, त्यातली निम्मी एवढ्याशा फरकामुळे.

आता त्या १०० मधले थिएटरने पहिल्या आठवड्यात ५० ठेवले असं समजा. राहिलेले ५० म्हणजे डिस्ट्रिब्युटरचा शेअर. डिस्ट्रिब्युटर कमिशनवर असेल आणि कमिशन दहा टक्के धरलं, तर त्याचे ५ गेले. निर्मात्याकडे ४५ पोहोचले. ११८ मधले ४५. आणि यातून अजून जाहिरातीचा खर्च निघायचा आहे.

हिशेबाची सोय म्हणून एवढं लक्षात ठेवा: देशातला ग्रॉस आकडा दिसला की त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शापासून चाळीस टक्क्यांपर्यंत रक्कम निर्मात्याच्या दिशेने जाते. पुढे-मागे होतं, पण फार नाही.

थिएटरवाला निम्मं घेतो? हे कुणी ठरवलं?

भांडून ठरलं. २००९ मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात वाट्यावरून वाद पेटला आणि एप्रिल ते जून या काळात मल्टिप्लेक्सना मोठे नवे हिंदी सिनेमे मिळालेच नाहीत. शेवटी तडजोड झाली: डिस्ट्रिब्युटरला पहिल्या आठवड्यात नेटचे ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि चौथ्यापासून ३०. सिनेमा जितका जुना, तितका थिएटरचा वाटा जास्त.

म्हणूनच मोठ्या सिक्वेलला पहिल्याच आठवड्यात सगळे स्क्रीन हवे असतात. पहिल्या शुक्रवारचा प्रेक्षक निर्मात्याला ५० टक्के देतो आणि पाचव्या आठवड्यातला ३०. पहाटेचे शो, मध्यरात्रीचे शो, वाढवलेले तिकीटदर, सगळी घाई यासाठीच. लोकांना वाटतं चाहत्यांचा उत्साह आहे. उत्साह असतोच, पण टक्केवारीही असते.

सिंगल स्क्रीनचं गणित वेगळं. आमच्याकडे कधी टक्केवारीवर, कधी ठोक रकमेवर सिनेमा यायचा. तेलुगू पट्ट्यात तर बरीच थिएटरं भाड्यावरच चालतात: थिएटरला ठरलेलं भाडं द्या, वरचा गल्ला तुमचा. त्यामुळे तिकडे तोच शंभराचा गल्ला निर्मात्याला जास्त देऊन जातो.

सिक्वेल स्वस्तात पडत असेल ना? कथा, पात्रं, सेट आधीचेच.

सगळ्यांचा समज हाच. उसाच्या भाषेत लोक सिक्वेलला खोडवा समजतात. लागणीचं बेणं, नांगरट, सरी, सगळा खर्च पहिल्या वर्षी होऊन गेला. आता बुडखे छाटायचे, खत-पाणी द्यायचं, ऊस आपोआप फुटतो.

सिनेमात उलटं होतं. पहिला भाग चालला की नायकाचं मानधन वाढतं, दिग्दर्शकाचं वाढतं, संगीतकाराचं वाढतं. बरेच नायक आता मानधनाच्या जोडीला नफ्यातला हिस्साही घेतात. शिवाय पहिल्या भागात एक हत्ती होता तर दुसऱ्यात दहा हवेत अशी अपेक्षा असते. शेत तेच, पण मालकाने खंड, म्हणजे शेताचं भाडं, तिप्पट केला असा हा खोडवा. बेण्याचे वाचलेले पैसे खंडात जातात, वर पदरचे घालावे लागतात.

‘बाहुबली’च्या पहिल्या भागाचा खर्च १८० कोटींच्या आसपास आणि दुसऱ्याचा २५० कोटींच्या आसपास असं बातम्यांत येत राहिलं. पण हे विभाजन मला कधीच पटलं नाही. रामोजी फिल्म सिटीत उभारलेली माहिष्मती (सिनेमातली राजधानी), शस्त्रं, चिलखतं, कलाकारांची कित्येक महिन्यांची तालीम, दुसऱ्या भागाचं आधीच उरकलेलं चित्रीकरण, हे कुठल्या भागाच्या नावे टाकायचं? ती एकाच लागणीची दोनदा केलेली तोडणी आहे. दोन्ही मिळून एकच खातं धरलं तरच हिशेब लागतो.

खर्चात असं काय असतं, जे प्रेक्षकाला दिसत नाही?

व्याज. बाकी सगळं पडद्यावर कुठे ना कुठे दिसतं. व्हीएफएक्स दिसतं, सेट दिसतो, नायक तर दिसतोच. व्याज दिसत नाही.

भल्लालदेव झालेल्या राणा दग्गुबातीने २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं की ‘बाहुबली’च्या काळात सिनेमासाठी २४ ते २८ टक्के व्याजाने पैसे उचलावे लागले. आमच्या यार्डात हा दर ऐकला तर भलाभला व्यापारी पाणी मागेल. २४ टक्क्यांनी, तेही सरळव्याजाने, १०० रुपयांचे पाच वर्षांत २२० होतात. म्हणजे सिनेमा वर्षभर लांबला की रोजचं शूटिंग बंद असूनही मीटर चालूच. पावसामुळे, नायकाच्या दुखापतीमुळे, ग्राफिक्स वेळेत न आल्यामुळे प्रदर्शनाची तारीख पुढे गेल्याची बातमी वाचली की मी आधी व्याजाचा आकडा धरतो.

याच कारणाने निर्माता प्रदर्शनाआधीच हक्क विकून उचल घेतो. आणि सिक्वेलला ही उचल चांगली मिळते. खरं तर सिक्वेलचा सगळ्यात मोठा फायदा तिकीट खिडकीवर नाही, इथे आहे. एकही तिकीट फाटण्याआधी टीव्हीचे, ओटीटीचे, संगीताचे आणि डबिंगचे हक्क चढ्या भावाने जातात, कारण घेणाऱ्याने पहिल्या भागाचं पीक पाहिलेलं असतं.

एमजी, ॲडव्हान्स, कमिशन यांत फरक काय?

एमजी म्हणजे मिनिमम गॅरंटी: डिस्ट्रिब्युटर ठरलेली रक्कम देऊन टाकतो, सिनेमा पडला तर तो मेला. ॲडव्हान्समधलं जेवढं वसूल होत नाही, तेवढं निर्मात्याला परत करावं लागतं. कमिशनवर जोखीम निर्मात्याची. एमजी वसूल होऊन वर जे येतं त्याला ओव्हरफ्लो म्हणतात, आणि त्यातही निर्मात्याचा वाटा असतो.

दुसऱ्या भागाचा गल्ला पहिल्याच्या दहापट कसा होतो?

‘केजीएफ’चा पहिला भाग डिसेंबर २०१८ मध्ये आला. हिंदीत त्याने ४४ कोटींच्या आसपास नेट केलं. १४ एप्रिल २०२२ला दुसरा आला आणि हिंदीत ४३४ कोटींपर्यंत गेला. ‘पुष्पा’ १०८ कोटींच्या आसपास, ‘पुष्पा २’ ८०० कोटींच्या वर. ‘बाहुबली’ ११८, मग ५११.

या तिन्हींत एक गोष्ट समान आहे. पहिला भाग थिएटरात जेवढ्यांनी पाहिला त्याच्या कितीतरी पट लोकांनी नंतर घरी पाहिला. टीव्हीवर दर रविवारी, मोबाईलवर रात्री उशिरा, एसटीत शेजारच्याच्या स्क्रीनवर. त्या पाहण्याचा एक पैसाही पहिल्या भागाच्या गल्ल्यात मोजला गेला नाही, तो दुसऱ्या भागाच्या रांगेत येऊन उभा राहिला. आमच्याकडे ‘केजीएफ’ लागला तेव्हा मॅटिनीला पंधरा-वीस माणसं असायची. ‘केजीएफ २’ला त्याच थिएटरबाहेर मोटारसायकलींमुळे रस्ता बंद. जतकडचे माझे दोस्त तर कन्नडमधूनच पाहायचा म्हणून सीमा ओलांडून गेले.

डबिंगचं श्रेय कुणी फारसं देत नाही. हिंदीत प्रभासला आवाज शरद केळकरचा आणि अल्लू अर्जुनला श्रेयस तळपदेचा, दोघंही आपलेच. शेकडो कोटींच्या खर्चात डबिंगचा खर्च भाजीतल्या मिठाएवढा, आणि मिठाविना भाजी कशी लागते ते तुम्हाला माहीत आहे.

मग दर वर्षी विक्रम मोडतात म्हणजे लोक जास्त सिनेमे बघतात का?

‘गदर’ जून २००१ मध्ये आला, ‘गदर २’ ऑगस्ट २०२३ मध्ये. पहिल्याचा नेट गल्ला ७७ कोटींच्या आसपास, दुसऱ्याचा ५२५. सात पट यश, असं कुणीही म्हणेल.

आता तिकिटं मोजा. व्यापारातल्या अंदाजाप्रमाणे पहिल्या ‘गदर’ची पाच कोटींच्या आसपास तिकिटं विकली गेली, दुसऱ्याची साडेतीन कोटींच्या आसपास. म्हणजे एका तिकिटामागे नेट तेव्हा जेमतेम पंधरा रुपये पडले, आता दीडशे. माणसं कमी आली आणि विक्रम झाला.

आणि त्या पाच कोटींतही सगळे आले असतील असं मला वाटत नाही. लहानपणी खरसुंडीच्या यात्रेत मी तंबूत सिनेमे पाहिलेत. पडद्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं बसलेली, उलट्या बाजूच्यांना नायक डावखुरा दिसायचा. त्या तंबूचा गल्ला कुठल्या वहीत गेला, देव जाणे.

सिक्वेल म्हणजे हमखास यश, असं आहे का?

अजिबात नाही. ‘दंबग’ म्हणणाऱ्या आमच्या हमालापासून ‘दबंग’ म्हणणाऱ्या वकिलापर्यंत सगळ्यांनी पाहिलेली मालिका घ्या. २०१०चा पहिला भाग १३९ कोटींच्या आसपास, २०१२चा दुसरा १५५, २०१९चा तिसरा १४६. आकडे सपाट दिसतात, पण नऊ वर्षांत तिकीट किती महागलं ते धरलं तर प्रेक्षक घटलेच. खोडव्यानंतर निडवा, म्हणजे त्याच बुडख्यांचं तिसरं पीक, ठेवला की उत्पन्न घटतं, तसं.

‘वॉर’ २०१९ मध्ये ३१७ कोटींवर गेला होता. ऑगस्ट २०२५ मधला ‘वॉर २’ कितीतरी जास्त खर्चाचा असूनही अडीचशे कोटींच्या आतच थांबला. ‘इंडियन’नंतर अठ्ठावीस वर्षांनी आलेला ‘इंडियन २’ तर खर्चाच्या जवळही फिरकला नाही.

‘ब्लॉकबस्टर’ हा शब्द गल्ल्यावर नाही, गल्ला आणि खर्च यांच्यातल्या अंतरावर ठरतो. ‘गदर २’चा खर्च ६० कोटींच्या आसपास असल्याचं छापून आलं होतं. ते धरलं, तर गुंतवलेल्या रुपयामागे त्याने जे दिलं ते अनेक हजार-कोटीवाल्यांनी दिलेलं नाही.

परदेशातला गल्लाही निम्माच हातात येतो का?

देशागणिक वेगळं. चीनचं उदाहरण डोळे उघडणारं आहे. तिथे कोट्यातून वाटा-पद्धतीने गेलेल्या परदेशी सिनेमाला गल्ल्याचे साधारण २५ टक्के मिळतात. ‘दंगल’च्या जगभरच्या आकड्यात निम्म्याहून जास्त भाग चीनचा होता. म्हणून ‘दंगल’ मोठा की ‘बाहुबली २’, हा वाद ग्रॉसवर घालणाऱ्यांना मी आधी पट्टी आणायला सांगतो. ‘बाहुबली २’ स्वतः २०१८ मध्ये चीनला गेला, तिथे काही जमलं नाही. अमेरिका-कॅनडात मात्र दोन कोटी डॉलरच्या वर गेला.

हे आकडे तपासतं कोण?

कुणीच नाही. भारतात गल्ल्याचा अधिकृत, लेखापरीक्षण झालेला जाहीर आकडा नसतो. निर्माता पोस्टर काढतो, ट्रेडवाले आपापल्या अंदाजाने आकडे देतात, आणि ‘पुष्पा २’सारख्या सिनेमात या दोहोंत शंभर कोटींहून जास्त तफावत पडते. मी डीसीआर भरायचो तेव्हा एका मालकाने मला सांगितलेलं अजून आठवतं: “बाहेर विचारलं तर हाऊसफुल सांग, आत विचारलं तर निम्मं.” बाहेर म्हणजे गावात, आत म्हणजे डिस्ट्रिब्युटरला. संगणकावरची तिकिटं आल्यावर दुसरा भाग अवघड झाला, पहिला चालूच आहे.

सांगली-साताऱ्याचा गल्ला कुठे धरतात?

मुंबई टेरिटरीत, म्हणजे वितरणाच्या मुंबई विभागात. सिनेमाधंद्याचा नकाशा अजून इंग्रजांचा आहे. आपण मुंबईत, मराठवाडा निझाममध्ये, विदर्भ सी.पी. बेरारमध्ये. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हे नाव सरकारी कागदावरून जाऊन पिढ्या लोटल्या, पण डिस्ट्रिब्युटरच्या वहीत ते जिवंत आहे. त्यामुळे ‘साताऱ्यात किती कमावले’ याचं उत्तर बातमीत शोधू नका, ते मुंबई-गुजरातच्या ढिगात मिसळलेलं असतं.

ओटीटीवर लगेच आला म्हणजे सिनेमा पडला का?

तारखा बघा. ‘पुष्पा २’ ५ डिसेंबर २०२४ला थिएटरात आला आणि ३० जानेवारी २०२५ला ओटीटीवर. बरोबर ५६ दिवस. मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्या हिंदी सिनेमासाठी आठ आठवड्यांचं अंतर मागतात, त्याआधी ओटीटीवर जाणाऱ्या सिनेमाला स्क्रीन देत नाहीत. त्यामुळे लवकर येणं ही पडल्याची खूण असेलच असं नाही, बऱ्याचदा करार आधीच झालेला असतो.

वाईत एवढी शूटिंग होतात. त्या खर्चातलं आपल्याकडे काय येतं?

येतं, पण निर्मितीच्या खात्यातून, गल्ल्याच्या नाही. ‘गंगाजल’, ‘स्वदेस’, ‘दबंग’, ‘चेन्नई एक्सप्रेस’ यांच्यासाठी वाई-मेणवलीने बिहार, उत्तर प्रदेश, तमिळनाडू असे सगळे वेष घेतले. वाड्याचं भाडं, पाचगणीतल्या खोल्या, गाड्या, जेवणावळी, गर्दीत उभं राहणाऱ्यांची रोजंदारी, एवढं गावात राहतं. सिनेमा चालो न चालो, हे पैसे आधीच मिळालेले असतात, म्हणून मला तर हा सगळ्यात शहाणा व्यवहार वाटतो. फक्त सिक्वेल परत तिथेच येईल याची खात्री नाही. ‘गंगाजल’चा पुढचा अवतार ‘जय गंगाजल’ भोपाळला चित्रित झाला.

मराठी सिक्वेलचं गणित वेगळं असतं का?

करामुळे एकेकाळी खूपच वेगळं होतं. जुलै २०१७पूर्वी महाराष्ट्रात हिंदी सिनेमावर शहरांत ४५ टक्क्यांपर्यंत करमणूक कर होता आणि मराठी सिनेमा करमुक्त. म्हणजे मराठीचा ग्रॉस तोच नेट. ‘बाहुबली २’ इथे त्याच जुन्या कराच्या शेवटच्या दिवसांत चालला. जीएसटी आला आणि मराठीची ती सवलत गेली. सप्टेंबर २०२५पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्केच कर आहे, त्याचा उपयोग मल्टिप्लेक्सपेक्षा तालुक्याच्या थिएटरला जास्त. मराठीत खर्च मुळात कमी, पण मुंबई-पुणे सोडलं तर तीन-चार आठवडे टिकल्याशिवाय वसुली होत नाही. आणि नेमकी तेव्हाच टक्केवारी ३० वर आलेली असते.

गल्ला एवढा होतो, तर आपली थिएटरं बंद का पडली?

कारण वर्षाला असे सिनेमे चार-पाचच. उरलेले आठवडे चाळीस माणसांसाठी तेवढीच लाईट, तेवढाच स्टाफ. मल्टिप्लेक्सला पॉपकॉर्न तारतं. ते पैसे पूर्ण थिएटरचे, निर्मात्याला त्यातलं दमडीही जात नाही. आमच्या थिएटरात वडा आणि गोटी सोडा विकला जायचा, तोही कँटीन ठेक्याने दिलेलं. ज्या खिडकीत बसून मी डीसीआर भरायचो तिथे आता मंगल कार्यालयाचं ऑफिस आहे. तारीख घेताना निम्मी रक्कम आगाऊ भरावी लागते.